आखाजीच्या चौकोनात स्वित्झर्लंड

युरोला मी शंभरानेच गुणायचे. खरा भाव नव्वदच्या आसपास होता, पण नव्वदने गुणायचं म्हणजे दर वेळी मोबाइल काढा, चष्मा शोधा. शंभर धरले की दोन शून्यं लावून मोकळं. वरचे उरतील ते चुकल्यामाकल्याला. नवरा म्हणाला, "हा हिशोब बरोबर नाही." मी म्हटलं, "बरोबर नसला तरी पुरणारा आहे." तो पाइपच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मापं घेत आलेला माणूस, त्याला असा ढोबळपणा सोसत नाही. पण वही माझी होती.

ती दोनशे पानी वही अजून कपाटात आहे. पहिल्या पानावर पाच देश ओळीने लिहिलेत: नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. पंधरा दिवस, माणसं दोन. टूर कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून मी फोनच ठेवून दिला होता. मुलगा बंगळुरूहून म्हणत होता, "आई, कंपनीबरोबर जा, या वयात कशाला डोक्याला ताप?" त्या "या वयात"नेच माझं डोकं फिरलं. कॉलेजच्या ऑफिसात मी एकोणतीस वर्षं पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरले. जी बाई ते भरू शकते, ती कुठलाही फॉर्म भरू शकते, अशी माझी घमेंड होती. घमेंडच म्हणायची, दुसरा शब्द नाही.

तर मी एकेक देश घ्यायचा, राहणं, रेल्वे, खाणं, बघणं असे चार रकाने पाडायचे आणि संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवायचं. स्वित्झर्लंडच्या खाण्याचा रकाना वाचताना माझाच आवाज बसला. साध्या एका ताटाचे पंचवीस फ्रँक, म्हणजे माझ्या पद्धतीने अडीच हजार. "अडीच हजारांत इथे आख्खी गल्ली शेवभाजी खाऊन वर ताक पिते," मी म्हटलं. मग तिथे चूल असलेली खोली शोधली आणि सामानाच्या यादीत मुगाची डाळ, तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, केळीचे वेफर्स आले. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ नवऱ्याने घालायला लावलं, मी ते खोडलं. ल्युसर्नला भाकऱ्या थापायला मी जात नव्हते. नंतर कळलं की तिकडे संडासलाही पैसे पडतात, एका वेळेला एक युरो. मी लगेच वही घेतली. दोन माणसं, पंधरा दिवस, दिवसातून किती वेळा, असं मी मोठ्याने विचारायला लागले तेव्हा नवरा उठून अंगणात गेला.

पैसा कुठून आला, तर थोडा माझ्या फंडातला, थोडा त्याच्या, आणि बाकी आमच्या अकरा जणींच्या भिशीचा. तीन वर्षं मी भिशीच्या पैशाला हात लावला नव्हता. बायका विचारायच्या, "पाटल्या करतेस का?" जळगावात बाईने पैसे साठवले म्हणजे ते सराफाकडेच जाणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मी म्हणायचे, "नाही, बर्फ बघायला जायचंय." आपला उन्हाळा मेमध्ये पंचेचाळीसला टेकतो, त्या वेळी बर्फात उभं राहायचं, एवढी साधी हौस होती माझी. शाळेत असताना धुळ्याच्या घरी एका जुन्या डब्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. आई त्यात गूळ ठेवायची. गूळ काढताना मी तो डोंगर रोज बघायचे.

आता तारखेचं. आणि इथेच मी माती खाल्ली.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सोनं आमच्याकडेही घेतात, पण आखाजीचं खरं म्हणजे लेकी माहेरी येतात. भाऊ किंवा भाचा त्यांना आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. कडुनिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि सासुरवाशिणी चार दिवस हाताची घडी घालून बसतात. त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. घरचा पुरुष सकाळी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो, एका बोटाला एक नाव घेतो आणि गेलेल्यांना घरी जेवायला बोलावतो. खानदेशात दिवाळी चुकलेली चालेल, आखाजी चुकलेली चालत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर मी ठरवलं की आखाजी उरकायची आणि मगच निघायचं. त्या साली आखाजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाली होती, ते डोक्यात पक्कं बसलेलं. तेव्हा पुढच्या साली मेच्या दोन-तीन तारखेला निघालं की दहा-बारा दिवस हाताशी राहतात, भांडीकुंडी आवरून होतात. दिवाळीच्या आठवड्यात तिकिटं स्वस्त झाली. परत न मिळणाऱ्या पैशाचं तिकीट माणशी चौदा हजारांनी कमी होतं. मी त्या चौकटीत टिचकी मारली आणि नवऱ्याला म्हटलं, "बघ, अठ्ठावीस हजार वाचवले." नवीन कॅलेंडर तेव्हा अजून आलं नव्हतं.

मध्ये अधिक महिना येऊन गेला होता, हे मी विसरले. विसरले म्हणजे काय, त्याच पावसाळ्यात शेजारणीच्या जावयासाठी मी स्वतः तेहतीस अनारसे तळून दिले होते. अधिक महिना आला की पुढचे सण पुढे सरकतात, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. पण माझी ट्यूब काही पेटली नाही. डिसेंबर संपता संपता सराफाकडून कॅलेंडर आलं. मी हिरवं स्केचपेन घेतलं आणि मेच्या पानावर देश लिहून काढले, चांगले ठसठशीत, दुरून दिसतील असे. खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते कोण बघतो!

जिने बघितलं ती अक्का. अक्का म्हणजे माझी नणंद, नवऱ्याहून दोन वर्षांनी लहान, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पिंपळनेरला असते. यजमान जाऊन सात वर्षं झाली, मुलगा सुरतेला कामाला आहे, आणि ती शिलाई मशीन चालवून एकटीच राहते. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याला, पाहुणे पांगल्यावर, ती मोरीपाशी उभी राहून म्हणाली होती, "वहिनी, आते मनं माहेर सरनं." मी तेव्हा भांडी विसळत होते. मी म्हटलं, "मी आहे तोवर नाही सरत." बोलून गेले. पण त्यानंतर नऊ वर्षं तो शब्द मी पाळला. दर आखाजीला नवरा मुऱ्हाळी होऊन पिंपळनेरला जायचा, तिला घेऊन यायचा. मी दार उघडायचे, पायावर पाणी घालायचे, भाकरतुकडा ओवाळून टाकायचे आणि म्हणायचे, "अक्का, चार दिवस कशाला हात लावायचा नाही." तीही लावायची नाही. झोक्यावर बसून मला गाणी ऐकवायची आणि पुरणात गूळ कमी पडला म्हणून नावं ठेवायची.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला माहेर नाही. मी एकुलती एक. वडील गेले, चार वर्षांनी आई गेली, धुळ्याची भाड्याची खोली मालकाने परत घेतली. मला आणायला कधी कोणी मुऱ्हाळी आला नाही, कारण यायला कोणी नव्हतंच. माझ्यासाठी आखाजी म्हणजे दोन दिवस पुरण वाटणं आणि पाठ धरणं. मनातून मला त्या सणाचा थोडा रागच होता. आज वाटतं, तारीख बघायची विसरले त्यात तो रागही असेल.

संक्रांतीनंतर अक्का डोळे तपासायला जळगावला आली. डॉक्टरांनी नवा चष्मा दिला होता आणि तो लावून ती घरातलं सगळं वाचत सुटली होती, मिठाच्या पुडीवरचंसुद्धा. चहा होईतो तिने कॅलेंडरची पानं उलटली. दर वर्षी ती तशी उलटायची, आखाजी कधी ते बघायला. मेच्या पानावर थांबली.

"वहिनी, हाई काय लिखेल शे?"

मी कौतुकाने गेले. म्हटलं, "स्वित्झर्लंड. सांगितलं नव्हतं का, बर्फाचा देश. त्या दिवशी आम्ही तिथे."

तिने बोट ठेवून दाखवलं. माझ्या हिरव्या अक्षरांखाली, 'झ'च्या पोटात, छोटी घागर छापलेली होती.

मी एप्रिलचं पान उलटलं, परत मेचं आणलं. अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "बरं शे. जाई या." एवढंच. जाऊन या. ती चिडली असती तर मीही चार शब्द बोलले असते, मला ते जमतं. पण तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि दुपारच्या गाडीला जायला निघाली. कप तिने विसळला, ते मला फार लागलं. या घरात ती कप विसळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून मी वही उलटी धरली. आता खर्च नव्हे, तोटा मांडायचा होता. विमानाचे गेले ते गेलेच. पॅरिस आणि ल्युसर्नच्या खोल्यांचे निम्मे जाणार होते. तारखा पुढे ढकलायच्या तर जूनमधलं तिकीट दुप्पट. मधूनच परत यायचं म्हटलं तर स्वित्झर्लंड आणि इटली सोडून द्यायचे, म्हणजे ज्यासाठी निघालो तेच नाही. मी नवऱ्याला विचारलं, "काय करायचं?" तो म्हणाला, "तू ठरव." असा राग आला मला! बहीण कोणाची? पण त्याचं तोंड बघितलं आणि वही मिटली. तो रोज कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहायचा, जणू तारीख हलेल.

आठ दिवसांनी मी म्हटलं, "चल, पिंपळनेरला जाऊ. तिच्यासमोर बसून रद्द करू." पारोळा, धुळे, साक्री करत बस गेली. धुळ्याला स्टँडवर अर्धा तास थांबली. आमची जुनी गल्ली तिथून दहा मिनिटांवर आहे. मी उतरले नाही. कोणाकडे जायचं?

अक्काने आम्हाला बघून मशीन थांबवलं. मी प्रास्ताविक वगैरे काही केलं नाही. वही काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अक्का, मी चुकले. अधिक महिना धरला नाही. हे सगळं रद्द करते. माहेर सरत नाही असं मी म्हटलं होतं, ते खोटं करायचं नाहीये मला." बोलता बोलता रडू आलं. त्यात लाज होती, तिचं वाईट वाटत होतं आणि खरं सांगते, स्वित्झर्लंडचंही वाईट वाटत होतं.

अक्काने वहीची पानं उलटली. संडासाच्या हिशोबापाशी ती थांबली, वाचलं आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली. नवराही हसला.

मी धीर करून म्हटलं, "नाहीतर असं करू. आठ दिवस आधी आखाजी करू. रस, पुरण, झोका, सगळं."

"पितरेस्ना तिकिटनी तारीख बदलत नही, वहिनी," ती म्हणाली.

मग ती जरा वेळ सुईत दोरा ओवत राहिली. नवा चष्मा होता तरी दोनदा हुकला. शेवटी म्हणाली, "चाबी दी जा. मी उघाडसू दार."

नवरा म्हणाला, "असं कसं? माहेरी आलेली लेक कुलूप उघडून घरात शिरेल? आणि उंबऱ्यावर बोटं कोण उमटवणार? ते घरच्या पुरुषाने करायचं असतं."

"तू तठून फोनवर नावं घे. बोट मनं, तोंड तुनं," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "इतला वरीस मी ऊनू, तुम्हीन दार उघाडं. यंदा मी उघाडसू. त्यामां काय व्हयनं?"

मला ते पटत नव्हतं. रिकाम्या घरात येणं म्हणजे काय माहेर? मी तसं बोलूनही दाखवलं. तिने मला चहा टाकायला लावला, म्हणजे विषय संपला. निघताना तिने वही परत दिली आणि बजावून सांगितलं की बर्फात चपला घालून जायचं नाही.

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, व्हिसा आला, आम्ही निघालो. निघण्याआधी किल्ली अक्काकडे पोचवली होती. प्रवासाचं काय सांगू, वहीत लिहिलं होतं तसंच बरंचसं झालं. नवऱ्याने प्रत्येक देशात नळाची फिटिंग बघितली. संडासाच्या रकान्यात पैसे उरले, कारण खर्चाच्या भीतीने आम्ही पाणीच कमी प्यायलो. बर्फ बघितला. डब्यावरच्या चित्रात होता तितका तो निळा नव्हता, पण होता. मी त्यात उभी राहिले आणि आईची फार आठवण आली.

आखाजीच्या दिवशी आम्ही ल्युसर्नला होतो. जळगावचे साडेनऊ म्हणजे तिथले सकाळचे सहा. नवरा आंघोळ करून, स्वेटरवर उपरणं घेऊन खिडकीपाशी बसला. फोनमध्ये आमचा उंबरा दिसत होता, बाजूला नवी घागर, तिच्यावर खरबूज आणि दोन सांजोऱ्या. अक्का खाली बसली होती. शेजारच्या खोल्यांमध्ये माणसं झोपलेली, म्हणून नवरा हळू आवाजात एकेक नाव घेत होता आणि अक्काचं बोट उंबऱ्यावर टेकत होतं. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, चुलते, शेवटी वडील आणि आई. सात नावं. आईच्या नावाला त्याचा आवाज गेला. मग फोनही तुटला. मी मुगाची खिचडी टाकली आणि आमच्या ताटांआधी एक घास बाजूला काढून ठेवला.

परत आलो ते आठवड्याने, सकाळच्या गाडीने. जळगाव तापलेलं होतं. मला वाटलं होतं, अक्का किल्ली शेजारी ठेवून कधीच गेली असेल. रिक्षा फाटकाशी थांबली, मी सवयीने पर्समध्ये किल्ली शोधायला लागले, आणि दार आतून उघडलं.

अक्का उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"थांबा वहिनी. तठेच थांबा," ती म्हणाली. भाकरतुकडा तिने माझ्यावरून ओवाळला, नवऱ्यावरून नाही, माझ्यावरून. मग पायावर पाणी घातलं. पाणी गार होतं, घागरीतलं असावं. तीस वर्षांत या दारात माझ्या पायावर कोणी पाणी घातलं होतं ते एकदाच, लग्न होऊन आले तेव्हा.

मी खाली बघत होते म्हणून मला उंबरा दिसला. तो धुतलेला नव्हता. कुंकवाची बोटं वाळून काळपट झाली होती. एका ओळीत सात होती. थोडं अंतर सोडून, माझ्या पायाजवळच्या टोकाला, आणखी दोन.

"अक्का, ही दोन कोणाची?"

"तुमना माय-बापनी," ती म्हणाली. "त्यास्ले कोन बलावस? तुमले दखाडानं व्हतं, म्हनीसन उंबरा धुया नही."

माझ्या आईवडिलांचं नाव कोणत्याही उंबऱ्यावर कधी घेतलं गेलं नव्हतं. लेकीने घ्यायचं नसतं, आणि लेकीशिवाय त्यांना कोणी नव्हतं. माझ्याच दारात मी भर उन्हात उभी राहून रडले, शेजारीण बघत होती तरी.

नवऱ्याने बॅगा आत नेल्या. मी डोळे पुसले आणि चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळले, तर अक्काने मनगट धरलं.

"चार दिन कशाले हात लावानं नही," ती म्हणाली.

झोका तिने सोडलेला नव्हता. मी जाऊन बसले.